दोनशे सिगारेटींचा प्रवासी

पर्यटकांना सीमाशुल्कात द्यावयाच्या सवलतींसंबंधी ४ जून १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने एक करार झाला. असल्या दस्तऐवजांच्या वाटेला वाङ्मयाचे अभ्यासक सहसा जात नाहीत. पण त्यातले एक कलम आम्हांला एखाद्या वास्तववादी कादंबरीतील व्यक्तिचित्रणाइतके बोलके वाटत आले आहे. पर्यटकाने स्वतःच्या वापरासाठी काय आणल्यास शुल्क घेऊ नये, याची ती यादी आहे. २०० सिगारेटी, किंवा ५० सिगार, किंवा २५० ग्रॅम तंबाखू. वाइनची एक बाटली, पाव लिटर कडक मद्य आणि थोडेसे अत्तर. विसाव्या शतकाच्या मध्यावरचा सुखवस्तू प्रवासी या यादीत पुरता उभा आहे. तो धूम्रपान करतो, हे गृहीतच धरलेले आहे.

मराठीत ‘सामान’ आणि ‘माल’ असे दोन शब्द आहेत. प्रवाशाजवळ असते ते सामान आणि व्यापाऱ्याजवळ असतो तो माल. एसटीच्या टपावर चढवलेले पोते कोणाचे, यावरून त्याचे नाव बदलते. सामान कोठे संपते आणि माल कोठे सुरू होतो हे ठरवणे, हेच मूळचे जकातदाराचे काम. तंबाखूने ते फार अवघड करून ठेवले. ती वजनाला हलकी, किमतीला भारी, आणि शिवाय एकट्याने ओढण्याइतकीच दुसऱ्याला देण्याचीही वस्तू.

याचे एक जुने उदाहरण आपल्या दख्खनेतलेच आहे. अकबराचा दूत म्हणून विजापुरास गेलेला असद बेग परतला तो आदिलशाही मुलखातली तंबाखू बरोबर घेऊन. १६०४च्या सुमाराची ही हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. ओढण्यासाठी तयार केलेल्या जडावाच्या नळीसह त्याने ती बादशहापुढे ठेवली. बादशहाने हकिमाचा विरोध असतानाही दोन झुरके घेतले, पण सवय लावून घेतली नाही. उरलेली तंबाखू, आणि ती बरीच होती, असद बेगने सरदारांना वाटली. मागणी वाढली, आणि मग व्यापाऱ्यांनी विक्री सुरू केली. एका प्रवाशाच्या सामानाची भेटवस्तू झाली, भेटवस्तूचा माल झाला, आणि हे नेमके कोणत्या दिवशी घडले ते कोणालाच सांगता आले नसते.

१६०४ सालीच इंग्लंडात पहिल्या जेम्सने तंबाखूविरुद्ध पुस्तिका प्रसिद्ध केली, हे इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरातला त्याचा हुकूम मात्र सहसा वाचला जात नाही. तंबाखूवर पौंडामागे २ पेन्स शुल्क होते, ते त्याने ६ शिलिंग १० पेन्सांवर नेले. म्हणजे ४१ पट. हा हुकूम ज्या कोषाध्यक्षाच्या नावे निघाला तो थॉमस सॅकव्हिल म्हणजे ‘गॉर्बोडक’ या शोकांतिकेच्या दोन कर्त्यांपैकी एक. हुकुमातले समर्थन पाहण्यासारखे आहे. थोर लोक तंबाखू औषध म्हणून, बेताने घेतात. त्यांच्यापुरती ती येत राहावी. हलके लोक तिच्यापायी पैसा आणि प्रकृती दोन्ही घालवतात, म्हणून ती महाग व्हावी. ‘स्वतःच्या वापरापुरते’ ही कल्पना येथे आहेच, फक्त ती वजनाने मोजलेली नाही, कुळाने मोजलेली आहे.

पुढे इंग्लंडात तंबाखू पिकवण्यावरच बंदी आली. युरोपातल्या अशा बंदीचे कारण अ‍ॅडम स्मिथने १७७६च्या आपल्या ग्रंथात सांगितले आहे: शेतोशेती हिंडून कर गोळा करण्यापेक्षा तो बंदरात वसूल करणे सोपे. स्मिथ १७७८ साली स्वतःच स्कॉटलंडच्या सीमाशुल्क मंडळावर नेमला गेला. निषिद्ध वस्तूंची यादी वाचून त्याने आपली कपड्यांची पेटी तपासली, तर गळपट्टे, झालरी, हातरुमाल जवळपास सगळेच बंदी असलेले निघाले आणि त्याने ते जाळले. १७८०च्या एका पत्रात त्याने हे कळवले आहे. यात तंबाखू नाही, पण ही गोष्ट गाळवत नाही.

१९५४च्या आकड्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. आकडा कुळ विचारत नाही, हेतूही विचारत नाही. तो काढून घेतला की काय होते, हे युरोपात दिसले. १९९३पासून युरोपीय संघातल्या एका देशात कर भरून घेतलेली तंबाखू स्वतःसाठी दुसऱ्या देशात नेण्यास मर्यादा उरली नाही. ८०० सिगारेटी हा केवळ अंदाजाचा टप्पा राहिला. ब्रिटनमध्ये मात्र त्यापुढे प्रवाशानेच सिद्ध करायचे, की हे माझ्यासाठी आहे. रोज किती ओढता, पैसे कोणी दिले, वरचेवर का जाता, असे प्रश्न विचारले जात आणि उत्तर पटले नाही तर मोटारही जप्त होई. फ्रान्समधल्या कॅलेहून परतणाऱ्या अशा प्रवाशांच्या प्रकरणात, हॉव्हरस्पीड खटल्यात, जुलै २००२मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने पुराव्याचा हा भार प्रवाशावर टाकणे युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रिटनने ८००चा टप्पा ३२००वर नेला. आमच्या मते या निकालाचे मोल तंबाखूच्या पलीकडचे आहे. स्वतःच्या घरी किती आणि कधी ओढायचे याचा हिशेब परक्यापुढे मांडावा लागणे, ही अपमानाची गोष्ट होती.

इतरत्र आकडा राहिला, पण आटत गेला. भारताच्या १९९८च्या नियमांत न्यूयॉर्कचेच २००, ५० आणि २५० होते; २०१४मध्ये त्यांचे १००, २५ आणि १२५ झाले. कारण आता केवळ महसुलाचे नाही, आरोग्याचेही आहे. जेम्सने दोन्ही एकत्रच सांगितली होती. हाँगकाँगने ऑगस्ट २०१०पासून १९ सिगारेटींची मर्यादा घातली. पाकिटात २० असतात, तेव्हा सीलबंद पाकीट नेणारा शुल्कास पात्र ठरला. ऑस्ट्रेलियाने २०१२ साली २५०वरून ५०वर आणि २०१७ साली २५वर आणताना एक सूट ठेवली: त्याखेरीज एक उघडलेले पाकीट चालेल. म्हणजे फोडलेले पाकीट सामान, न फोडलेले माल.