टुरेनास

टुरेनास ही अमेरिकन संगीतकार जॉन चाउनिंग यांची संगणकनिर्मित संगीतकृती असून ती इ.स. १९७२ मध्ये पूर्ण झाली. सुमारे दहा मिनिटांची ही रचना श्रोत्यांभोवती चौरसाच्या चार कोपऱ्यांत ठेवलेल्या ध्वनिक्षेपकांसाठी आहे. ध्वनी श्रोत्याभोवती सलगपणे फिरल्याचा आभास केवळ संगणकीय गणनेतून घडविणाऱ्या आरंभीच्या कृतींमध्ये तिची गणना होते. ‘नेचर्स’ या इंग्रजी शब्दातील रोमन अक्षरांची फेरजुळणी करून हे शीर्षक बनविलेले आहे.

पार्श्वभूमी

ध्वनिक्षेपकांच्या साहाय्याने ध्वनी फिरविण्याची कल्पना चाउनिंग यांच्या आधीची आहे. कार्लहाइन्त्स श्टॉकहाउझेन यांनी ‘कोन्टाक्टे’ (१९५८–६०) या कृतीसाठी फिरत्या मेजावर ध्वनिक्षेपक बसवून सभोवतालच्या चार ध्वनिग्राहकांनी त्याचे मुद्रण केले होते. या पद्धतीत ध्वनीची दिशा बदलत असे. मात्र त्याचे अंतर हवे तसे ठरविता येत नसे.

चाउनिंग मूळचे तालवादक. पॅरिसमध्ये नादिया बूलांजे यांच्याकडे शिकत असताना त्यांचा युरोपातील ध्वनिक्षेपक-संगीताशी परिचय झाला. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करताना मॅक्स मॅथ्यूज यांचा संगणक-संगीतावरील लेख त्यांच्या वाचनात आला. इ.स. १९६४ मध्ये ते बेल प्रयोगशाळेत मॅथ्यूज यांना भेटले आणि त्यांची संगीत-आज्ञावली छिद्रित पत्रांच्या पेटीतून घेऊन परतले. विद्यापीठाच्या वाद्यवृंदात ट्यूबा वाजविणारा डेव्हिड पूल हा विद्यार्थी संगणकात निष्णात होता. त्याच्या मदतीने ती कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेच्या यंत्रावर चालू झाली. चाउनिंग यांना अभियांत्रिकीचे शिक्षण नव्हते. यंत्र इतर संशोधकांच्या कामात गुंतलेले असल्याने संगीताचे काम बहुधा रात्री व सुटीच्या दिवशी चाले. ‘एकट्याने लिहिलेली आज्ञावली’ असे तिचे वर्णन केल्यास हा उसना आधार विसरला जातो. ध्वनीच्या स्थानाचा प्रश्न मात्र चाउनिंग यांनी स्वतःच मांडला व सोडविला.

अनुकरणाची पद्धत

ही पद्धत त्यांनी जानेवारी १९७१ मध्ये ध्वनी-अभियांत्रिकीच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केली. ध्वनीची दिशा दर्शविण्यासाठी लगतच्या दोन ध्वनिक्षेपकांत त्याच्या ऊर्जेची वाटणी केली जाते. स्रोत एका ध्वनिक्षेपकाकडून दुसऱ्याकडे सरकतो तसे हे प्रमाण बदलते.

अंतराचा प्रश्न अधिक बिकट होता. आवाज नुसता लहान केल्यास तो दूर गेला असे वाटत नाही, हळू झाला असे वाटते. दूरच्या ध्वनीत थेट पोहोचणारा भाग फार घटलेला असतो, तर भिंतींवरून परावर्तित झालेला भाग त्या मानाने कमी घटतो. म्हणून चाउनिंग यांनी थेट ध्वनीचा आयाम अंतराच्या व्यस्त प्रमाणात, तर प्रतिध्वनीचा आयाम अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात ठेवला. अंतर चौपट झाल्यास पहिला एक चतुर्थांश व दुसरा निम्मा होतो. याशिवाय प्रतिध्वनीचेही दोन भाग केले. स्रोत जवळ असताना तो चारही बाजूंनी समान येतो. स्रोत दूर जाईल तसा मुख्यत्वे स्रोताच्याच दिशेने येतो.

गतीसाठी डॉप्लर परिणामाचा उपयोग केला आहे. शिट्टी वाजवीत येणारी आगगाडी आपल्याला ओलांडून गेली की शिट्टीचा स्वर उतरतो, तसाच बदल आज्ञावली प्रत्येक मार्गासाठी मोजून काढते. कृतीतील काही मार्ग लिसाजू वक्रांवर आधारलेले आहेत. अशा वक्रावर वेग सतत बदलत असल्याने हालचाल सजीव वाटते.

ध्वनी व रचना

अंतर ओळखू येण्यासाठी ध्वनीतच काही हालचाल असावी लागते, अन्यथा तो स्वतःच्या प्रतिध्वनीत मिसळून जातो. अशा ध्वनीच्या शोधात इ.स. १९६७ मध्ये चाउनिंग यांना दिसले की व्हायब्रेटो अतिशय वेगवान केल्यास कंपन ऐकू न येता नवाच नाद निर्माण होतो. हेच वारंवारता-अधिमिश्रण संश्लेषण होय. टुरेनासमधील ठोक्यांचे, धातूसारखे व कीटकांच्या गुणगुणीसारखे नाद याच तंत्राने घडविले आहेत. स्थानाच्या शोधातील हा उपफल मूळ संशोधनापेक्षा कितीतरी अधिक प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्डने चाउनिंग यांना कायम प्राध्यापकपद नाकारले होते. पुढे यामाहा कंपनीने या तंत्राचा परवाना घेतल्यावर विद्यापीठाला त्यापासून मोठे उत्पन्न मिळाले आणि चाउनिंग तेथे परतले. यामाहाचे डीएक्स७ हे वाद्य इ.स. १९८३ मध्ये बाजारात आले.

ध्वनिमुद्रण

इ.स. १९८८ मध्ये वेर्गो या जर्मन कंपनीने ही कृती सीडीवर प्रसिद्ध केली. सीडीवर दोनच वाहिन्या असतात. त्यामुळे अंतर व डॉप्लर परिणाम त्यात जाणवतात, परंतु श्रोत्याच्या मागून जाणारे मार्ग समोरच दुमडले जातात. बहुतेक श्रोत्यांनी टुरेनास याच रूपात ऐकलेली आहे.