धरणगावची भिल्ल पलटण

इ. स. 1802 साली यशवंतराव होळकरांच्या फौजा खानदेशातून गेल्या आणि पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ आला, तेव्हा तापी, गिरणा व पांझरा या नद्यांच्या काठची, एके काळी सरकारात भरघोस वसूल देणारी गावे एकामागून एक ओस पडली. आणि या पडझडीत ज्यांचा आधार समूळ तुटला, ते पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या जागलकीवर जगणारे भिल्ल होते. गाव उठले तेव्हा जागल्याचा हक्क बुडाला, आणि कालचा राखणदार सातपुड्याच्या नि सातमाळ्याच्या आश्रयाने वाटमारी करू लागला. यावर पेशवाईच्या अखेरच्या अंमलदारांनी योजिलेले उपाय वाचताना आजही मन विषण्ण होते. अंतुर किल्ल्याच्या कड्यावरून भिल्लांना लोटून देण्यात आले. कोपरगावास बाळाजी लक्ष्मण याने त्यांना डोंगरातून बोलावून घेऊन विश्वासघाताने विहिरींत टाकले.

1818 साली मालेगावच्या अरब शिबंदीचा मोड होऊन इंग्रजी अंमल बसला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्यास मुख्य ठाणे केले, बऱ्हाणपूरचे सावकार व कारागीर आणून तेथे वसविले, भिल्ल नाईकांना नेमणुका बांधून दिल्या आणि ज्यांनी ऐकले नाही त्यांची डोंगरातील रसद तोडली. परंतु बंडाळी सात वर्षे धुमसतच राहिली. अखेर 1825 साली गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या अमदानीत निराळे धोरण ठरले: पूर्वीचे गुन्हे माफ करावेत, शेती करू इच्छिणाऱ्यांस जमीन, बी आणि बैलांसाठी तगाई द्यावी, आणि भिल्लांचीच एक पलटण उभारून मुलखाचा बंदोबस्त तिच्यावर सोपवावा. पलटणीचे काम धरणगावी जेम्स आऊटरम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटाकडे आले.

आऊटरमने आधी डोंगरात शिरून हल्ला केला, कैदी धरले, त्यांतील काहींना सोडून त्यांच्या मध्यस्थीने नाईकांशी बोलणे लावले, आणि मग पहारा न घेता एकटाच त्यांच्या रानात जाऊन राहिला. एवढे करूनही प्रारंभी त्याच्या पाठीमागे आले ते अवघे पाच जण. इंग्रज चरित्रकार येथे आऊटरमच्या धैर्याचे गुणगान करतात, आणि ते धैर्य खरेच होते. परंतु माझ्या मते अधिक मोठे साहस त्या पाचांचे. सरकारने बोलाविले म्हणजे काय घडते याचा कोपरगावचा अनुभव त्यांच्या जमातीस वीस-बावीस वर्षांपूर्वीच आलेला होता, आणि आता त्याच सरकार नावाच्या वस्तूची बंदूक खांद्यावर घेऊन आपल्याच भाऊबंदांच्या वाटा रोखावयाच्या होत्या.

अवघड बदल एका बाजूलाच करावा लागला असेही नाही. ज्याच्या नावाने तिन्हीसांजेला वेशीचे दरवाजे लागत, त्यालाच आता पाटील-कुळकर्ण्यांनी, सावकारांनी सरकारी शिपाई म्हणून वागवावयाचे होते. पुढे ही पलटण मालेगावच्या छावणीत गेली, तेव्हा तेथील पलटणीतले उच्चवर्णीय शिपाई, जे पूर्वी याच भिल्लांशी लढले होते, त्यांच्या गोटात आले, त्यांच्याजवळ बसले आणि त्यांनी त्यांस पानसुपारी दिली. ज्या काळी स्पर्शास्पर्शाचे विधिनिषेध जन्मापासून मरणापर्यंत माणसाला बांधून ठेवीत, त्या काळी आपण होऊन पुढे केलेल्या त्या विड्याचे मोल मला पुष्कळ शासकीय ठरावांहून अधिक वाटते.

तथापि या परिवर्तनाची किंमत विसरून चालणार नाही. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक सरकारचाच चाकर होता. त्याची चाकरी गेली, त्याला कैद भोगावी लागली, आणि 1857 च्या धामधुमीत तो भीमा नाईकाबरोबर बंडात उतरला. 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणीच्या लढाईत त्याच्या लोकांवर चालून गेलेल्या इंग्रजी फौजेत धरणगावची ही भिल्ल पलटणही होती. ज्या व्यवस्थेने भिल्लाला लुटारूचा शिपाई केले, तिनेच भिल्लाला भिल्लासमोर उभे केले. तेव्हा तिला निखळ उपकार म्हणणे सत्याला धरून होणार नाही. तरीही तगाईच्या बैलांनी ज्यांनी पहिला नांगर धरला आणि कड्यांची, विहिरींची आठवण उरात ठेवून जे पाच जण रानातून खाली उतरले, त्यांच्या निर्णयाला उणेपणा येत नाही. खानदेशच्या इतिहासात आऊटरमच्या नावाला जेवढी जागा मिळाली, तेवढीच त्यांनाही मिळावयास हवी होती.

ही पलटण 1891 साली जिल्ह्याच्या पोलिसदलात सामील करण्यात आली.