कॅन्सर आणि ‘इम्युनिटी’: आपल्याच पेशी गाठीला मदत का करतात?

घरात कुणाला कॅन्सर निघाला की भेटायला येणारे सांगतात, ‘इम्युनिटी कमी पडली. काढा द्या, कलौंजी द्या.’ हेतू चांगलाच असतो. पण ताकद वाढवली की काम झालं, इतकं हे सरळ नाही. कारण शरीराचे काही पहारेकरीच गाठीच्या कामाला लागलेले असतात.

हे पहारेकरी म्हणजे मॅक्रोफेज, एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे रशियन शास्त्रज्ञ मेचनिकोव यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना १९०८चं नोबेल मिळालं. मॅक्रोफेजची कामं मुख्यतः दोन: जंतू मारणं आणि जखम भरून काढणं.

गाठ या दुसऱ्या कामाचा फायदा उठवते. ती सीएसएफ-१सारखे रासायनिक निरोप पाठवून रक्तातल्या पेशी आत बोलावते. आत ऑक्सिजन कमी, आम्ल जास्त आणि टीजीएफ-बीटासारखे संदेश भरपूर. त्यामुळे आलेली पेशी मारण्याऐवजी दुरुस्तीला लागते. ती गाठीसाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवायला मदत करते, आजूबाजूची जागा सैल करून कॅन्सरला पसरायला वाट देते आणि कॅन्सरवर तुटून पडणाऱ्या टी-पेशींना थोपवते. अमेरिकन डॉक्टर हॅरल्ड ड्वोरॅक यांनी १९८६मध्येच गाठीला ‘न भरणारी जखम’ म्हटलं होतं.

म्हणजे प्रश्न फक्त कमी-जास्त ताकदीचा नाही, ती कोणत्या बाजूने लागते याचा आहे. नवी औषधं हेच बघतात. टी-पेशींचा ब्रेक काढण्याच्या शोधासाठी ॲलिसन आणि होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं. सीएसएफ-१चा निरोप अडवणाऱ्या पेक्सिडार्टिनिबला २०१९मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण ती सांध्याच्या अस्तरातल्या एका दुर्मिळ गाठीसाठी. नेहमीच्या कॅन्सरमध्ये अशा औषधांना एकट्याने तेवढं यश आलेलं नाही.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. अम्मी-अब्बांना किंवा घरातल्या कुणालाही ‘तुम्ही नीट खाल्लं नाही, म्हणून झालं’ असा दोष देऊ नका. काढा, चूर्ण, गोळी, काहीही देण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, कारण काही वनस्पती केमोच्या औषधांच्या आड येतात. दुआ जरूर करा, पण सुरू असलेला इलाज मध्येच सोडू नका.