डेबियन आणि वतनदारीचा प्रश्न

पगार नाहीं, हुकूम नाहीं, बहुतेकांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलेलें नाहीं, आणि तरीहि हजारएक माणसांनीं मिळून एक अवाढव्य काम तीस वर्षांहून अधिक काळ अखंड चालविलें आहे, असें कोणीं सांगितल्यास इतिहासाचा अभ्यासक त्याकडे प्रथम शंकेनेंच पाहील. मी तरी तसाच पाहत होतों. एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर कांहीं वर्षें काढलेल्या माणसाला स्वयंसेवकांच्या उत्साहाची भरती-ओहोटी चांगली ठाऊक असते. पुस्तकांची वार्षिक मोजदाद कोणीं करावयाची एवढें ठरविण्यास आम्हांला दोन दोन सभा लागत. म्हणून डेबियन या संगणकप्रणालीचे नियम, ठराव, मतदानाचे आंकडे आणि भांडणें हीं सर्व कोणालाहि वाचतां येतील अशीं उघडीं ठेवलेलीं आहेत असें कळल्यावर मीं तीं एका सुटींत वाचून काढलीं. वाचतां वाचतां मनांत आलें कीं, या मंडळींपुढचा मूळ प्रश्न आपल्या इतिहासवाचकांस मुळींच अपरिचित नाहीं. तो वतनाचा प्रश्न आहे.

आधीं वस्तुस्थिति थोडी उलगडून सांगितली पाहिजे. संगणकाकडून काम करून घेणारी जी मूळ व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. डेबियन ही त्यांपैकीं एक. लिनक्स नांवाच्या गाभ्यावर उभारलेली, आणि मुक्त, म्हणजे जिचा मूळ मजकूर कोणींहि वाचावा, बदलावा व दुसऱ्यास द्यावा अशी. परंतु तींतील प्रोग्रॅम डेबियनच्या मंडळींनीं लिहिलेले नसतात. ते जगभर विखुरलेल्या इतर लोकांनीं लिहिलेले असतात. डेबियनचें काम निराळें आहे: ते गोळा करावयाचे, एकमेकांशीं जुळतील असे करावयाचे, कशाला कशाची गरज आहे तें नोंदावयाचें, आणि मग एकेकाचें नीट गांठोडें बांधावयाचें. या गांठोड्यास पॅकेज म्हणतात, आणि त्याबद्दल जो उत्तर देतो त्यास मेंटेनर. ऑगस्ट २०२५ मध्यें बाहेर पडलेल्या तेराव्या आवृत्तींत अशीं जवळजवळ ७०,००० पॅकेजें होतीं.

या उद्योगाचा आरंभ अगदीं लहान होता. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत शिकणाऱ्या इयान मर्डॉक या विद्यार्थ्यानें १६ ऑगस्ट १९९३ रोजीं ही योजना जाहीर केली. त्याची मैत्रीण डेब्रा आणि तो स्वतः इयान, या दोन नांवांच्या संधीनें ‘डेबियन’ हें नांव सिद्ध झालें. व्याकरणाच्या कोणत्या सूत्रानें, तें विचारूं नये. त्या वेळीं लिनक्सचे जे तयार संच मिळत, ते दोषांनीं भरलेले असत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास कीर्ति मिळे; त्यांची जुळवाजुळव करणाऱ्यास कोण विचारतो? जुळवाजुळव हेंच एक स्वतंत्र व जोखमीचें काम आहे, आणि तें एकट्यानें न करितां अनेकांनीं उघडपणें वांटून घेऊन करावें, ही मर्डॉकची सूचना. ती आज साधी वाटते. तेव्हां ती नवी होती.

काम वांटून घ्यावयाचें तर तें कोणाच्या तरी नांवावर चढवावें लागतें. प्रत्येक पॅकेजावर मेंटेनरचें नांव आलें. दोष सांपडला कीं त्यास क्रमांक मिळे, तो सर्वांसमक्ष नोंदला जाई, आणि तक्रार नेमकी त्या नांवाकडे जाई. दोष लपवून ठेवणार नाहीं असें अभिवचन तर या संघानें १९९७ च्या आपल्या सामाजिक करारांत वापरणारांस लेखीच दिलें. व्यवस्था उत्तम, परंतु जेथें नांव चढतें तेथें हक्कहि चढतो. ‘माझें पॅकेज’ हे शब्द लौकरच ऐकूं येऊं लागले. ज्यानें चार वर्षें विनामूल्य खपून एखादी वस्तु सांभाळली, तिला दुसऱ्यानें हात लावलेला त्यास खपेना. यांत त्याचा दोष तरी कसा काढावा? ज्याला पगार मिळत नाहीं त्याला ममत्व हाच पगार असतो.

२ डिसेंबर १९९८ रोजीं संमत झालेली डेबियनची घटना ही या ममत्वाशीं केलेली तडजोड आहे असें मी समजतों. तींतील सर्वांत धीट कलम असें कीं, ही घटना कोणावरहि काम करण्याचें बंधन घालीत नाहीं. नेमून दिलेलें काम नको असेल त्यानें तें करूं नये, मात्र नियमांच्या विरुद्ध वागूं नये. प्रत्येक मेंटेनर आपल्या कामापुरता निर्णय घेण्यास मोकळा. दरवर्षीं मतदानानें एक नेता निवडला जातो, पण त्यालाहि कोणास ‘हें कर’ असें सांगतां येत नाहीं. तंत्रविषयक तंट्यांसाठीं एक समिति आहे. एखाद्या मेंटेनरचा निर्णय तिला फिरवावयाचा तर एकास तीन असें मताधिक्य लागतें. म्हणजे वतनदाराला हटवितां येतें, परंतु फार महागांत.

१९९९ सालीं मात्र भलतीच अडचण उभी राहिली. माणसें फार येऊं लागलीं. नव्यांची पारख करावयास वेळ कोणालाच नव्हता, तेव्हां दारच बंद करण्यांत आलें. तें पुढच्या वर्षीं उघडलें तेव्हां उंबरठ्यावर परीक्षा बसली होती. आपण कोण हें जुन्या सभासदाला प्रत्यक्ष भेटून पटवावें, संघाची तत्त्वें समजल्याचें दाखवावें, आणि कामाचा नमुना द्यावा. त्याच २००० सालच्या जुलैंत जोएल क्लेकर हा त्यांचा एकवीस वर्षांचा सहकारी वारला. स्नायूंच्या असाध्य रोगानें तो अंथरुणास खिळलेला होता, आणि बरोबर काम करणाऱ्या बहुतेकांस त्याचा पत्ताहि नव्हता. ऑगस्टांत निघालेली २.२ ही आवृत्ति त्याच्या स्मृतीस अर्पण करण्यांत आली. ओळख पटवून घेण्याचे नियम लिहीत असलेल्या मंडळींस आपला सोबती केवळ कामावरून माहीत होता, हा योगायोग मला विसरतां येत नाहीं.

आतां त्या प्रसंगाकडे वळूं, कीं ज्यानें वतनदारीचा प्रश्न साऱ्या जगाच्या दारांत नेऊन ठेवला. संगणकांतील गुप्त व्यवहार किल्ल्यांवर चालतात. किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या. ती कोणास ओळखतां येऊं नये म्हणून यदृच्छेनें निवडावी लागते. हें काम करणाऱ्या ओपनएसएसएल या प्रोग्रॅमाच्या डेबियन-मेंटेनरास २००६ सालीं असें आढळलें कीं, त्यांतील दोन ओळींवर तपासणीचें एक साधन वारंवार आक्षेप घेतें. तो आळशी असता तर त्यानें दुर्लक्ष केलें असतें. त्यानें मूळ लेखकांच्या मंडळींस पत्र लिहून विचारलें कीं, या ओळी काढल्या तर चालतील काय? ठाम नकार आला नाहीं. एकानें तर अनुकूल उत्तर दिलें. ओळी निघाल्या. त्यांतील एक ओळ मात्र गोळा केलेली सारी यदृच्छा एकत्र कालविणारी होती. ती गेल्यावर निवडीस आधार राहिला तो चालू कामास संगणकानें दिलेल्या क्रमांकाचा, आणि तो क्रमांक ३२,७६८ च्या पलीकडे जात नसे. कुलपें दिसावयास तींच; पण एकेका जातीच्या किल्ल्या आतां मोजून ठेवण्याजोग्या झाल्या.

ही स्थिति सप्टेंबर २००६ पासून वीस महिने राहिली. डेबियनवरून निघालेल्या उबुंटूसारख्या प्रणालींतहि ती पसरली. डेबियनच्याच लुसियानो बेल्लो यास ती दिसली, आणि १३ मे २००८ रोजीं संघानें ती स्वतः जाहीर केली. या काळांत तेथें घडविलेली प्रत्येक किल्ली टाकून द्यावी लागली. टीकेचा भडिमार झाला हें सांगणें नकोच. परंतु कागद शांतपणें वाचले तर चूक कोणा एकाच्या ओटींत घालतां येत नाहीं. विचारणारा परवानगी मागत होता. उत्तर देणारांस तो प्रश्न केवळ दोष शोधण्याच्या सोयीचा वाटला. दोघांच्या मधें तिसरा वाचणारा कोणी नव्हता. आणि वतनाच्या पद्धतींत तिसऱ्यानें वाचावें अशी अपेक्षाच नसते. त्या मेंटेनरकडून पॅकेज काढून घेण्यांत आलें नाहीं. तो पुढें अनेक वर्षें तेंच सांभाळीत राहिला, आणि कालांतरानें ओपनएसएसएलच्या मूळ मंडळांतहि घेतला गेला. माझ्या मतें या संघानें केलेल्या शहाणपणाच्या गोष्टींत हिची गणना व्हावी.

वतनाच्या भिंतींत दारें पाडण्याचें काम त्याच्या आधींपासून चालू होतें व नंतरहि चाललें. गंभीर दोष पडून असेल तर दुसऱ्यानें दुरुस्ती करून पॅकेज पाठवावें, मात्र मेंटेनरास ती पाहून अडवितां यावी म्हणून बहुधा कांहीं दिवस ती रांगेंत थांबवावी, अशी रीत पडली. मोठीं पॅकेजें एकाऐवजीं मंडळांच्या नांवावर गेलीं. २०१८ मध्यें तर ओसाड पडलेलें पॅकेज ताब्यांत घेण्याचा रीतसर मार्ग निघाला: हेतु जाहीर करावा, एकवीस दिवस वाट पाहावी, मूळ धन्यानें हरकत न घेतल्यास काम हातीं घ्यावें. एका शब्दाच्या हरकतीनेंहि हें थांबतें. कोणास ही भीड अति वाटेल. मला वाटत नाहीं.

ही भीड कां हवी तें २०२४ सालीं उलट बाजूनें दिसलें. एक्सझेड हा फाइली दाबून लहान करणारा प्रोग्रॅम डेबियनच्या बाहेरचा एक थकलेला गृहस्थ बहुतांशीं एकटाच सांभाळीत होता. अनोळखी लोकांनीं त्यास पत्रांतून तगादा लाविला, कीं तुमच्यानें होत नाहीं, दुसऱ्यास अधिकार द्या. सुमारें दोन वर्षें चोख काम करून विश्वास मिळविलेल्या ‘जिया तान’ नांवाच्या कोणा व्यक्तीच्या हातीं अधिकार गेला, आणि तिनें त्यांत चोरदरवाजा बसविला. डेबियनच्या घडत्या आवृत्तींत तो येऊन पोंचलाहि होता. स्थिर आवृत्तींत नव्हता. दूरच्या संगणकांत प्रवेश करावयास अर्धा सेकंद अधिक कां लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड याने चिकाटीनें छडा लाविला, म्हणून २९ मार्च रोजीं तो उघडकीस आला.

डेबियनच्या दप्तरांत पॅकेज सोडूं इच्छिणाऱ्या मेंटेनरसाठीं वेगळ्या नोंदी आहेत: मदत हवी, दत्तक घेणारा हवा, आणि शेवटची, अनाथ. ज्याला पुढें जमत नाहीं त्यानें आपल्याच हातानें यांपैकीं एक नोंद करावयाची असते. मर्डॉकनें स्वतः १९९६ सालीं नेतृत्व सोडलें. २८ डिसेंबर २०१५ रोजीं तो वारला, आणि २०१७ ची नववी आवृत्ति त्याच्या स्मृतीस अर्पण झाली. पॅकेजें बसविणारें ‘डीपीकेजी’ हें साधन आरंभीं त्याच्या हातचें. तें इयान जॅक्सन यानें नव्यानें लिहिलें, आणि मग तेंहि हातोहात पुढें गेलें. त्याच्या आजच्या मेंटेनरांत त्या दोघांपैकीं कोणाचेंहि नांव नाहीं.