शाळूची उंची

घटस्थापनेच्या दिवशी देवघरात मातीच्या वेदीवर आपण मूठभर धान्य पेरतो. सोलापूरकडच्या घरांतून ही माती रानातली काळी आणलेली असते. देवघर बहुधा आतल्या खोलीत. उजेड काय तो नंदादीपाचा. तरी पाचव्या माळेपर्यंत कोंब वर येतात आणि नवव्या माळेला ते वीतभर होऊन एका बाजूला झुकतात. घरातल्या म्हाताऱ्या बायका ते पाहून म्हणतात, ‘यंदा धान उंच आलं, पीकपाणी बरं होणार.’ दसऱ्याला तेच धान देवाला वाहतात, टोपीत खोवतात आणि सोने लुटायला निघतात.

एकदा घरातल्या एका चिमुरडीने मला विचारले, “आजोबा, घटातलं धान नऊ दिवसांत एवढं उंच झालं, मग शेतातलं एवढंसंच का? तिथं तर ऊन जास्त.” प्रश्न लहान तोंडाचा, पण त्याचे उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला, आणि त्या उत्तराशी आपल्या जिल्ह्याचे पोट बांधलेले आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर ही हकीकत सांगावी असे म्हणूनच वाटले.

प्रथम घटाचे पाहू. अंधारातले धान उंच होते ते सामर्थ्याने नव्हे, कासाविशीने. बीजातली शिदोरी संपण्यापूर्वी उजेड गाठायचा म्हणून रोप सारे बळ देठ लांबवण्यात घालते. म्हणून ते पिवळे, लुसलुशीत आणि पडखाऊ असते. उन्हातले रोप ठेंगणे दिसते, कारण ते मूळ आणि पान बळकट करीत असते. वनस्पतीची एक उंची अशी उपासमारीची. पण दुसरीही एक उंची आहे, ती पोटभर उन्हाची, आणि तिची नाडी भलत्याच ठिकाणी आहे.

ती नाडी पहिल्यांदा ज्यांच्या बोटाला लागली त्यांत ज्युलियन तूर्न्वा हा पॅरिसचा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याने प्रयोगाला घेतलेल्या झाडांत एक होते भांगेचे. भांग म्हटल्यावर आपल्याला महाशिवरात्र आठवते आणि गांजा म्हटल्यावर पोलिस. इंग्रजी अमदानीत मात्र आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात सरकारी परवान्याने गांजा पिकत असे, आणि १८९३-९४ साली सरकारने नेमलेल्या आयोगाने साऱ्या हिंदुस्थानातील या पिकाची बारकाईने चौकशी केली होती. १९८५ च्या कायद्याने आता ती लागवड गुन्हा ठरली आहे. तूर्न्वाला मात्र नशेशी कर्तव्य नव्हते. काचघरात हिवाळ्यात पेरलेली भांगेची रोपे जेमतेम चार पाने फुटताच फुलून येत आणि बुटकीच राहत; तीच भांग वसंतात पेरली तर माणसाच्या डोक्यावरून जाई. काचघर तेच, माती तीच, माळीही तोच. मग फरक कशाचा? त्याने काही रोपांना दिवसातले थोडेच तास ऊन मिळू दिले, आणि ती रोपेही अकाली फुलली. १९१२ ते १९१४ या काळात त्याने हे निष्कर्ष मांडले. दिवस आखूड झाल्यापेक्षा रात्र लांबल्याचाच हा परिणाम असावा, असेही त्याला वाटू लागले होते. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले आणि हा बुद्धिमान तरुण त्यात कामी आला. प्रश्न अर्धवट राहिला.

तो पुढे नेला अमेरिकेतल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघा सरकारी नोकरांनी. त्यांच्याकडे ‘मेरीलँड मॅमथ’ नावाची तंबाखू होती. ती शेतात दहा फुटांहून उंच जाई, पानांनी लगडे, पण उन्हाळाभर फुलायचे नाव काढीत नसे. आणि फूल नाही तर बी नाही. तिचीच रोपे हिवाळ्यात काचघरात ठेवली तर कमरेइतकी होण्याआधीच फुलत. दोघांनी थंडी तपासली, खत तपासले, पाणी तपासले. अखेर १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी व्हर्जिनियात आर्लिंग्टन येथे एक साधी अंधारी झोपडी बांधली. दुपार कलली की कुंड्या आत आणि सकाळी उशिरा बाहेर, असा क्रम ठेवला. कृत्रिम लांब रात्र मिळालेली तंबाखू भर उन्हाळ्यात फुलली! १९२० साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. पुढे १९३८ साली हॅम्नर आणि बॉनर यांनी दाखवून दिले, की अशी झाडे दिवस मोजीत नाहीत, रात्र मोजतात. लांब रात्रीच्या मध्यावर क्षणभर दिवा लावला, तरी त्यांचा हिशेब चुकतो.

सारांश एवढाच: रात्र आखूड असेपर्यंत असे झाड उंच होत राहते, रात्र ठराविक लांबीची झाली की शेंड्यातून पानाऐवजी फूल निघते, आणि मग उंची थांबते.

आता सोलापूरला येऊ. आपली ज्वारीही याच गोत्रातली. सोलापुरात जूनमधला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आत आणि डिसेंबरातला लहानात लहान दिवस अकरा तासांहून थोडा अधिक. फरक अवघा दोन तासांचा. पॅरिसला तो आठ तासांच्या आसपास असतो. पण शाळूला एवढाही पुरतो. गारगोटीसारखा टपोरा दाणा देणारी ही रब्बी ज्वारी कोणी हौसेने जूनमध्ये पेरली, तर ती कणसाऐवजी पानावर पान काढीत राहील, ताट वाढतच जाईल आणि वाऱ्याने आडवे होईल. उलट पेर फार लांबली तर ताट गुडघ्या-मांडीइतके होते न होते तोच पोटरीला येते. दाणा थोडा आणि कडबाही थोडा. म्हणूनच आपल्या वाडवडिलांनी उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांवर पेर बसवली. त्यांना तूर्न्वा ठाऊक नव्हता. पण कोणत्या वाफशावर पाभर धरली तर ताट पुरुषभर होऊन मग निसवते, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते. आपल्याकडचा पाऊस वर्षाला सुमारे सातशे मिलिमीटर, आणि त्यातला भरवशाचा भाग सप्टेंबरचा. काळी जमीन ते पाणी पोटात साठवते आणि शाळू थंडीभर तेच पिऊन मोठा होतो. पाऊस, माती आणि रात्र या तिन्हींचा मेळ बसवणारी ही पेरणी म्हणजे एक पंचांगच होते.

वाचकांना वाटेल, दाणा भरला म्हणजे झाले. ताट उंच हवेच कशाला? ज्याच्या दावणीला बैल आहे त्याला हा प्रश्न पडत नाही. कोरडवाहू मुलखात दाणा माणसाचा आणि ताट जनावराचे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर होरपळले, तेव्हा माणसांआधी दावणी मोकळ्या झाल्या. पुढे पाऊस आला, तेव्हा पाभर ओढायला बैल नव्हते. कडब्याची गंज ही म्हणून आमच्याकडे शेतकऱ्याची ठेव. सोयरीक जमवताना पाहुणे आधी वाड्यामागची गंज पाहत, मग मुलगा पाहत. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या खिल्लार बैलांचा रुबाब त्या गंजीवरच पोसला.

सरकारी शेतीखात्यालाही हे हळूहळू उमगले. १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला आरंभ झाला. नारायण कानिटकर आणि त्यांचे सहकारी बांधबंदिस्ती, खोल नांगरट आणि ओल टिकवणे यांचा अभ्यास करीत होते. कानिटकरांचा कोरडवाहू शेतीवरचा ग्रंथ १९४४ साली निघाला. १९३० च्या दशकात जवळच मोहोळच्या केंद्रात गावोगावच्या ‘मालदांडी’ ज्वारीतून निवड करता करता एक वाण हाती लागला. त्याचे नाव मालदांडी ३५-१. मोत्यासारखा दाणा, गोड भाकरी, आणि जनावर चघळून खाईल असे उंच, रसाळ ताट. आज नव्वद वर्षांच्या घरात गेलेला हा वाण अजून पेरला जातो. एखाद्या पिकाच्या वाणाला एवढे आयुष्य क्वचितच लाभते.

मध्यंतरी त्याच्यावर एक संकट येऊन गेले, आणि या कथेतला खरा पेच तोच आहे. अमेरिकेत ज्वारी यंत्राने कापतात. उंच ताट यंत्रात अडकते. म्हणून तेथील शास्त्रज्ञांनी ठेंगणी ज्वारी घडवली. क्विन्बी आणि कार्पर यांनी १९५४ साली दाखवले, की ज्वारीची उंची मुख्यतः चार जनुकांच्या हाती असते. उष्ण मुलखातील ज्वारी तिकडे नेली तर टेक्सासच्या लांब दिवसांत ती नुसती उंच होई, वेळेवर निसवत नसे. म्हणून १९६३ पासून अशा वाणांचा संकर पोर्तोरिकोच्या हिवाळ्यात करून, त्यांना बुटके आणि दिवसाच्या लांबीबद्दल बेफिकीर बनवण्याचा मोठा उद्योग त्यांनी आरंभला. इकडे १९६४ साली आपल्या देशाचा पहिला संकरित वाण ‘सीएसएच-१’ बाहेर पडला. त्याची आई अमेरिकन, ‘कंबाइन काफिर ६०’. कापणी-यंत्राचे नाव तिच्या नावातच होते. ही संकरित ज्वारी ठेंगणी, लवकर येणारी आणि दाण्याला भारी.

देशात अन्नाची टंचाई होती. अशा वेळी या वाणाने खरिपात धान्य वाढवले, हे कोणी नाकारू नये. पण लवकर पिकणारे कणीस पावसात सापडे आणि दाणा काळा पडे. खोडमाशीचा उपद्रवही फार. आणि कडबा? तो इतका कमी की दावणीला उन्हाळा निघेना. कागदावर एकरी उत्पन्नाचे आकडे चढत होते. ते दाण्याचेच होते, कडब्याचा रकाना त्यांत नव्हता. शेतकरी मात्र तो रकाना मनात धरून होता. आमच्या रब्बीच्या रानात त्याने मालदांडी सोडली नाही. त्याला अडाणी आणि हट्टी म्हणणारेही होते. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले यशोदा’, ‘फुले वसुधा’ असे वाण दिले, ते दाणा आणि कडबा दोन्हींना बरे, म्हणजे उंचच. हट्ट अगदीच वाया गेला नाही म्हणायचा! २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

तथापि मन निर्धास्त होत नाही. उंच ताट हाताने उपटावे लागते आणि उपटणारे हात आता मिळत नाहीत. पाणी आले तिथे ऊस आला आणि शाळूचे रान आटले. बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली, पण दुभत्या जनावराला वैरण हवीच. २०१२-१३ च्या दुष्काळात सांगोला-मंगळवेढ्याकडे चारा-छावण्या उभ्या राहिल्या आणि परगावच्या उसाचे वाढे ट्रकमधून आले, तेव्हा ज्या दारात जुनी गंज शिल्लक होती ते घर कसे ताठ उभे होते, हे आम्ही पाहिले आहे.

त्या चिमुरडीला मी एवढे सारे सांगितले नाही. दिवाळीत तिला रानात नेले. शाळू तिच्या गुडघ्याला लागत होता. “ही संक्रांतीला तुझ्या डोक्यावर जाईल,” मी म्हटले. तिने विचारले, “मग इथं रात्री दिवा लावला तर आणखी उंच होईल?” मी म्हणालो, “होईल, पण हुरड्याला मुकशील.”

ती हसली. घरी परतलो तेव्हा अंगणात पणत्या लागल्या होत्या, आणि पलीकडे काळ्या रानात शाळू आपली रात्र मोजीत उभा होता.