सिंथ पेडल (गिटार व बास)

सिंथ पेडल : इलेक्ट्रिक गिटारच्या किंवा बासच्या आवाजाला सिंथेसायझरचे रूप देणारे, पायाने चालू-बंद करायचे उपकरण. वाद्य आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये ते केबलने जोडतात.

पूर्वपीठिका : १९७२ च्या सुमारास आलेल्या म्यूट्रॉन थ्री या पेडलमध्ये तार जितक्या जोरात छेडावी तितका फिल्टर (आवाजातील काही कंप्रता गाळणारा भाग) उघडे. बूट्सी कॉलिन्स यांच्या बासवादनाने हा आवाज फंक संगीतात रुजला. १९७७ मध्ये रोलँड कंपनीने जीआर-५०० हा गिटार सिंथेसायझर आणला. त्यात प्रत्येक तारेचा संकेत वेगळा उचलणारे खास पिकअप लागे. याच दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे मायक्रो सिंथेसायझर बाजारात आले. ते नेहमीच्या गिटारच्या साध्या पिकअपवर चालत असल्याने सिंथेसायझरचा आवाज सामान्य वादकाच्या आवाक्यात आला.

कार्य : मायक्रो सिंथेसायझरमध्ये मूळ सूर, एक सप्तक खालचा सूर, एक सप्तक वरचा सूर आणि चौरस तरंग असे चार आवाज सरकपट्ट्यांनी हवे तसे मिसळता येतात. गिटारची मोकळी ए तार सेकंदाला ११० वेळा कंपते. पेडलमधील इलेक्ट्रॉनिक मंडल ही संख्या निम्मी करून ५५ कंपनांचा खालचा सूर तयार करते. मिश्रण नंतर फिल्टरमधून जाते. फिल्टर कोठून सुरू व्हावा, कोठे थांबावा आणि किती वेगाने सरकावा हे वादक ठरवतो. आघात विलंबाची पट्टी वाढवली की छेडण्याचा टणत्कार नाहीसा होतो आणि सूर गजाने काढल्यासारखा हळूहळू फुलतो.

मर्यादा : सूर ओळखून काम करणाऱ्या पेडलला निदान एक पूर्ण कंपन तरी मिळावे लागते. गिटारच्या सर्वांत जाड तारेला त्यासाठी सुमारे १२ मिलिसेकंद लागतात, बासच्या जाड तारेला सुमारे २४. म्हणून बासच्या खालच्या सुरांवर पेडल मागे पडते किंवा अडखळते. बासची मोकळी ई तार सुमारे ४१ कंपनांची असते. तिच्याखालचे सप्तक २० च्या आसपास, म्हणजे श्रवणमर्यादेच्या काठावर येते आणि साध्या स्पीकरमधून उमटत नाही. जुनी ॲनालॉग पेडल्स एका वेळी एकच सूर नीट हाताळतात. २०१९ मधील बॉस एसवाय-१ सारख्या डिजिटल पेडलवर कॉर्डही वाजवता येतात.

वापर : ॲनालॉग पेडल शक्यतो पेडल्सच्या साखळीत सर्वांत आधी, डिस्टॉर्शन व इको यांच्यापूर्वी ठेवावे. गिटारचे मानेजवळचे पिकअप निवडून टोनची खुंटी थोडी उतरवली की पेडलला स्वच्छ सूर मिळतो. न वाजणाऱ्या तारा दोन्ही हातांनी दाबून धराव्यात, कारण त्यांची गुणगुणही पेडल सूर समजते. ट्रिगरची, म्हणजे तार छेडल्याचे ओळखणाऱ्या भागाची, संवेदनक्षमता फार वाढवल्यास बोटांच्या घासण्यानेही फिल्टर उघडतो. फार कमी ठेवल्यास हळुवार सूर निसटतात. बासवर मूळ आवाज थोडा मिसळलेला ठेवावा, म्हणजे गाण्याचा पाया पातळ होत नाही.

सिंथ पेडल वादनातील ढिलाई झाकत नाही, उलट ठळक करते. त्यामुळे नव्या वादकाने आधी एकेक सूर सारख्या जोराने, स्वच्छ वाजवण्याचा सराव करावा आणि मगच पट्ट्यांना हात लावावा.