खैर, कात आणि गुन्ह्याचा अभ्यास

गुन्हेगारी मानसशास्त्रात गुन्हा करणाऱ्याचे मन, त्याची परिस्थिती आणि त्याला दोषी ठरवणारी यंत्रणा या तिन्हींचा एकत्र विचार होतो. या विषयावरचे पदव्युत्तर प्रबंध आज विद्यापीठांत लिहिले जातात; कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्टीत मात्र अशा लेखनाचे मूळ इंग्रजी अमदानीच्या सरकारी दप्तरात सापडते. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता आणि पुढे तो कुलाब्याला, म्हणजे आजच्या रायगडला, जोडला गेला. या भागाची त्या काळातील जी जिल्हावर्णने आहेत, त्यांत कातकरी या आदिवासी जमातीच्या दारिद्र्याची आणि चोरटेपणाच्या लौकिकाची नोंद एकाच दमात येते.

या नोंदीमागे घडलेले स्थित्यंतर समजून घेणे आवश्यक आहे. खैराच्या लाकडाचा गाभा तासून, त्याचे तुकडे मडक्यांत उकळून आणि तो अर्क आटवून विड्यात लागणारा कात करणे हा कातकऱ्यांचा पिढीजात व्यवसाय होता, आणि त्यावरूनच त्यांना कातकरी वा काथोडी हे नाव पडले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगले ठरवली गेली, तेव्हा जो खैर कालपर्यंत पोट भरीत होता तोच तोडणे अपराध ठरू लागले. उपजीविका गेल्यावर शेताच्या कडेला पडलेल्या कणसावर हात पडला, तर तो माणसाचा स्वभाव मानावा की कायद्याने आणलेली परिस्थिती, हा प्रश्न त्या नोंदी करणाऱ्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही, आणि ही उणीव किरकोळ नव्हे.

उलट, त्याच काळात गुन्हा जन्मजात असतो ही कल्पना बळावत होती. इटलीतील लोम्ब्रोसो यांनी १८७६ मध्ये गुन्हेगार शरीरलक्षणांवरून ओळखता येतो असा सिद्धान्त मांडला; त्याआधीच, १८७१ मध्ये, हिंदुस्थान सरकारने काही जमाती सबंधच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता, ज्याची व्याप्ती १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यापर्यंत आली. पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांचे १९०८ मधील इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवरील पुस्तक याच दृष्टीचे आहे: त्यात माणूस जातीनुसार वर्गीकृत होतो आणि ज्याच्याविषयी लिहिले जाते त्याचे म्हणणे कोठेच येत नाही.

प्रबंधाची शिस्त त्यानंतर आली. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, १९३४ मध्ये ए. एन. वेलिंग यांचा कातकऱ्यांचा समाजशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि १९३६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या, पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. जमातींवरील तो कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. परंतु मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, ज्यात जमातीची जागा व्यक्तीच्या पूर्वीच्या शिक्षांनी घेतली. येथे संशोधकाला एक सापळा असतो: पोलिसांची नोंदवही ही गुन्ह्यांची नोंद असली तरी ती प्रथम पोलिसांच्या नजरेची नोंद असते, आणि ज्या वस्तीकडे अधिक पाहिले जाते तेथेच अधिक गुन्हे सापडतात.

याच खालापूर भागातील रसायनी या औद्योगिक वस्तीचे नाव मुळात नवे आहे. पाताळगंगेच्या काठी सरकारी रसायन कारखाना आल्यावर ते रूढ झाले. कारखान्यांच्या भोवतालच्या वाड्यांतून आजही कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडण्याच्या कामावर जातात, आणि बहुधा ठेकेदाराकडून घेतलेल्या आगाऊ रकमेच्या, म्हणजे उचलीच्या, बांधणीतच जातात. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानुसार अशा कर्जापोटी माणसाला कामात जखडून ठेवणे हा अपराध आहे. खैराच्या काळी ज्याचे नाव गुन्ह्याच्या रकान्यात लिहिले जात होते, तो या कायद्यापुढे फिर्यादी म्हणून उभा राहू शकतो.